शाहिराचें नांव

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी घरीं आला व त्यानें एक वही आमच्या हातीं ठेविली. वहींत बारा-चौदा गीतें होतीं. शब्द त्याचे, चालीहि त्याच्याच. आम्ही पहिलें पान उलटतों न उलटतों तोंच तो संकोचून म्हणाला, "सर, गाणीं मागाहून वाचलींत तरी चालेल. आधीं मला एक नांव सुचवा." घरचें नांव त्यास फार साधें वाटत होतें. लोकांपुढें उभें राहावयाचें तर तोंडांत घोळेल असें नांव हवें आणि त्या नांवास साजेल असा वेषहि हवा, असें त्याचें म्हणणें. वेषाची सिद्धता तर त्यानें करूनच ठेविली होती. फेटा, त्यावर तुरा, अंगांत बाराबंदी व हातांत डफ अशा थाटांत काढलेलें एक छायाचित्र त्यानें दाखविलें. डफ वाजवितां येतो काय, असें विचारतां तो हंसला. डफ छायाचित्रापुरताच होता.

आम्हांसहि हंसूं आलें. पीक उभें राहण्याआधीं खळें सारवण्याचा हा प्रकार, असें मनांत येऊन गेलें. परंतु मुलगा गेल्यावर शाहिरी वाङ्मयाचीं जुनीं पुस्तकें पुन्हा एकदां चाळलीं, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्याचा प्रश्न वाटला तितका पोरकट नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं ज्यांनीं गाणें रचून लोकांपुढें म्हटलें, त्या सर्वांपुढें हाच प्रश्न केव्हांना केव्हां उभा राहिलेला आहे. फरक आहे तो त्यांनीं दिलेल्या उत्तरांत.

आमच्या जुन्या शाहिरांपैकीं पुष्कळसे आरंभीं हौशीच होते. कोणी गवळी, कोणी शिंपी, कोणी शिकलगार, तर कोणी वेदपाठकाच्या कुळांतला. पोटाचा उद्योग एक आणि जिवाचा ओढा दुसरा, अशी त्यांची स्थिति. अशा हौशी कवनकाराचा शाहीर होतांना त्याच्या घरच्या नांवाचें काय झालें, त्याच्या अंगावरील वस्त्रांचें काय झालें, आणि या अदलाबदलीची किंमत त्यानें काय मोजली, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नांवाची गोष्ट घेऊं. कवीनें आपलें नांव कवितेच्या माथ्यावर न घालतां तिच्या पोटांत घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. ज्ञानदेव, नामा, तुका हीं नांवें अभंगाच्या अखेरच्या चरणांत येतात, हें कोणास सांगावयास नको. एकनाथांनीं तर आपल्या नांवास गुरु जनार्दनस्वामींचें नांव जोडून घेतलें, आणि शिष्य व गुरु एकाच मुद्रेंत कायमचे बांधले गेले. शाहिरांनीं हीच चाल उचलली. पोवाड्याच्या वा लावणीच्या शेवटच्या चौकांत कवीचें नांव येतें, गांव येतें, कधीं गुरूचें व कधीं फडांतील साथीदारांचेंहि येतें. हिलाच नाममुद्रा म्हणतात.

ही केवळ शोभा नव्हती. ज्या काळीं लावणी छापली जात नसे, त्या काळीं ती गळ्यावरून गळ्यावर जाई. पुण्यास रचलेलें कवन महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या एखाद्या गांवीं दुसऱ्याच फडांत गायिलें जाई, आणि मूळ कवीस त्याचा पत्ताहि नसे. पुस्तकाचें वेष्टन फाडलें कीं कर्ता नाहींसा होतो. लावणीच्या अखेरच्या चौकांतील नांव मात्र सहज उपटतां येत नाहीं. त्या जागीं दुसरें नांव बसवावयाचें तर मात्रा जुळल्या पाहिजेत, यमक सांभाळलें पाहिजे व तालाची सम साधली पाहिजे. इतकें ज्यास येतें त्यास चोरी करण्याचें कारण बहुधा उरत नाहीं. नाममुद्रा ही अशा रीतीनें कवनाच्या दारास आंतून लावलेली कडी होती.

तिचा उपयोग किती मोठा झाला हें पाहावयाचें असेल तर सर्वांत जुन्या उपलब्ध पोवाड्याकडे पाहावें. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचा वध झाला. त्या प्रसंगावरील पोवाडा ज्यानें रचला, त्याच्याविषयीं आपणांस जें कांहीं ठाऊक आहे तें पोवाड्याच्या पोटांतूनच. त्यास घोडा बक्षीस मिळाला व हातांत सोन्याचा तोडा पडला, हें त्यानेंच सांगितलें आहे. त्याचें नांव कोणी अगिनदास वाचतात, कोणी अज्ञानदास. दुसरें वाचन खरें मानल्यास हा कवि आपणांस अज्ञानाचा दास म्हणवितो, म्हणजे संतांची नम्रता घेऊन तो रणाची कथा सांगावयास उभा राहतो. एका अक्षराच्या फरकानें माणूस निराळा दिसूं लागतो. परंतु तो दिसतो एवढें खरें. मुद्रा नसती तर तोहि दिसला नसता. पुढें १८९१ सालीं हॅरी अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला, तेव्हां कोणता पोवाडा कोणाचा हें ठरविण्यास त्यांना मोठा आधार मिळाला तो या शेवटच्या चौकांचाच.

आतां हीं नांवें पडलीं कशीं तें पाहूं. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) हा आडनांवानें घोलप, यजुर्वेदी ब्राह्मण. त्याच गांवीं मलिक फंदी नांवाचा एक फकीर राहात असे. त्याचें वागणें चारचौघांपेक्षां निराळें, म्हणून लोक त्यास फंदी म्हणत. अनंताचा व त्याचा स्नेह जमला, आणि फकिराचें टोपणनांव ब्राह्मणासहि चिकटलें, अशी हकीकत सांगतात. छंदीफंदी माणूस ही कांहीं प्रशंसा नव्हे. दुसरा कोणी असता तर त्यानें हें नांव झटकून टाकण्याची धडपड केली असती. अनंतानें तें उचललें व आपल्या कवनांत गुंफलें. लोकांनीं थट्टेनें दिलेला शब्द कवीनें आपल्या तोंडानें उच्चारला कीं थट्टा संपते व ओळख सुरू होते. दोन अक्षरें, चार मात्रा, आणि यमकास वाटेल तितके शब्द मोकळे. असें सोयीचें नांव हुडकून मिळाले नसतें. आणि गंमत अशी कीं ज्यास लोकांनीं फंदी म्हटलें त्यानेंच पुढें संसारी माणसास शहाणपण शिकविणारा फटका रचला, सवाई माधवरावांच्या मृत्यूवर ‘माधवनिधन’ हें काव्य रचलें. शहाणपण सांगणारा स्वतः फंदी म्हणवून घेतो, म्हणूनच त्याचा उपदेश कडू लागत नाहीं.

होनाजीची गोष्ट आणखी निराळी. ‘होनाजी बाळा’ हें एकाच माणसाचें नांव, अशी समजूत आम्हीं चांगल्या शिकलेल्या घरांतहि पाहिली आहे. वस्तुतः हे दोघे. होनाजी सयाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी, तो कवनें रची. आणि बाळा करंजकर हा त्याचा साथीदार, तो गाई. एकाची लेखणी व दुसऱ्याचा गळा मिळून एक शाहीर झाला व त्यास एक नांव पडलें. तमाशांत तबल्याची साथ आणण्याचें श्रेय लोक होनाजीस देतात. परंतु आम्हांस त्याचा मोठेपणा अधिक दिसतो तो या जोडनांवांत. गीत रचणारानें गाणाराचें नांव आपल्या नांवाशीं असें एकजीव होऊं द्यावें कीं पुढच्या पिढ्यांना सांधा सांपडूं नये, याला मन मोठें लागतें. प्रभाकर दातार हा कोंकणांतील मुरूडचा ब्राह्मण. त्याचीं कवनें गंगु हैबती यांच्या फडानें गाजविलीं, आणि त्या कवनांच्या शेवटीं कवीबरोबर फडाचेंहि नांव येतें. आजच्या गीतकारांची व गायकांची नांवांवरून जुंपते तेव्हां या शेवटच्या चौकांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

सगनभाऊ हा जेजुरीकडचा, जातीनें मुसलमान शिकलगार. हत्यारांस धार लावणें हा त्याच्या घरचा धंदा. पुण्यांत होनाजीचा तो तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. त्याच्या नांवांतील ‘भाऊ’ हा शब्द कोणत्याहि सनदेनें मिळत नाहीं; तो शेजाराचा शब्द आहे, हांक मारणाराच्या तोंडांतून आलेला. उलट सिन्नरजवळील बावीचा परशराम हा शिंपी. त्यानें कसलाहि शृंगार न करतां साध्या परशराम या नांवानेंच कवनें केलीं व तें नांवहि टिकलें. सोलापूरच्या रामजोशीनें मात्र आपल्यास ‘कविराय’ म्हणवून घेतलें. ही मुद्रा ऐटीची खरी. पण तिच्यामागें दुखावलेलें मन आहे. रामजोशी हा विद्वानांच्या घराण्यांतला. त्याचा वडील भाऊ मुद्गल जोशी पुराणिक होता, आणि तमाशाचा नाद सुटेना म्हणून त्यानें रामास घराबाहेर काढलें. पंढरपुरास जाऊन त्यानें शास्त्राध्ययन केलें, संस्कृतांत पारंगत झाला, आणि पुन्हा डफाकडेच वळला. ज्यास घरानें नाकारलें त्यानें चार भाषा मिसळून लावणी रचावी व शेवटीं आपणांस कवींचा राजा म्हणवावें, यांत आम्हांस गर्वापेक्षां घरच्या ओसरीवरील माणसांना दिलेलें उत्तर अधिक ऐकूं येतें.

एकूण नांवें अशीं नाना वाटांनीं आलीं. कोणास तें गांवानें दिलें, कोणास स्नेहानें, कोणास साथीनें, कोणी स्वतः घेतलें, कोणी घरचेंच ठेविलें. परंतु यांतील एकहि नांव गाण्यापूर्वीं ठरलेलें दिसत नाहीं. आधीं कवन, मग फड, मग लोक, आणि लोकांच्या तोंडून परत येतें तें नांव. कवीचें काम एवढेंच कीं परत आलेलें तें नांव ओळखून त्यास शेवटच्या चौकांत जागा करून द्यावी.

आतां वेषाकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें फेट्यावर जो तुरा खोंवला होता, त्याचा इतिहास त्यास ठाऊक नव्हता. आणि तो नुसता शोभेचा नाहीं. शाहिरांत कलगीवाले व तुरेवाले असे दोन पक्ष. तुकनगिरी नांवाचा एक गोसावी व शहाअली नांवाचा एक फकीर यांच्यांत अध्यात्माचा वाद गाण्यांतून झाला. तो ऐकून चंदेरीचा राजा इतका प्रसन्न झाला कीं त्यानें आपल्या मस्तकावरील तुरा एकास व कलगी दुसऱ्यास दिली, अशी या पक्षांच्या जन्माची कथा आहे. तुरेवाले शिवास श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीस. दोन फड समोरासमोर बसले कीं सवालजबाब होतात; एकानें कूट घालावें, दुसऱ्यानें तें गाण्यांतच सोडवावें, आणि ज्यास उत्तर सुचणार नाहीं तो हरला. ही चाल महाराष्ट्राबाहेरहि आहे. राजस्थानांत तुर्रा-कलंगीच्या खेळांत तुऱ्याचें निशाण भगवें व कलगीचें हिरवें असतें. तुरा खोंवणें म्हणजे अशा रीतीनें एक पक्ष पत्करणें, आणि रात्रभर समोरून येणाऱ्या प्रश्नांस उत्तर देण्यास बांधून घेणें होतें. पाहणारासहि तें दुरून कळे. आज कोणी तुरा खोंवतो तेव्हां त्यास प्रश्न विचारावयास समोर कोणीच नसतें.

वेषाची दुसरी शक्ति कीर्तनांत दिसते. अनंत फंदीनें उतारवयांत तमाशा सोडून कीर्तन धरलें. अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशानें तो वळला, अशी कथा आहे. रामजोशीहि कीर्तनाकडे वळला व बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्यानें आपल्या कीर्तनांतून गांवोगांवीं पोहोंचविल्या. कवि तेच, गळा तोच, शब्दांवरील हुकमतहि तीच. बदललें काय? डफ-तुणतुणें खालीं ठेविलें व हातांत चिपळ्या घेतल्या. फडाची जागा देवळाच्या सभामंडपानें घेतली. तेवढ्या बदलानें जो काल ओंवाळून टाकलेला होता त्याच्या पायां पडावयास लोक येऊं लागले. वाद्य व वस्त्र यांच्या योगानें समाज माणसास कोठें बसवावयाचें तें ठरवितो, ही गोष्ट या दोघांना पुरती समजली असली पाहिजे. मात्र नांव दोघांनींहि बदललें नाहीं. कीर्तनाच्या गादीवर उभा राहिला तरी फंदी तो फंदीच राहिला.

या सर्व गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यांत, आणि अधिक तीव्रपणें, पाहावयाच्या असतील तर पठ्ठे बापूरावाकडे आलें पाहिजे. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हें त्याचें खरें नांव. जन्म १८६६ सालीं, वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष या गांवीं. घर वतनदाराचें. ‘कुलकर्णी’ हें आपण आज आडनांव म्हणून उच्चारतों, पण मूळचा तो हुद्दा. गांवचें दप्तर ज्याच्या हातीं तो कुलकर्णी. म्हणजे लेखणी ही या मुलाच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची. तिनें सारा, वसूल व बाकी लिहावी अशी रीत. हा मुलगा तिनें लावण्या लिहूं लागला. गांवांतील तमासगिरांना कवनें रचून देणें एवढाच हा नाद आरंभीं होता. रचणारा वाड्यांत बसे व गाणारे चावडीपुढें गात, तोंपर्यंत कोणाची हरकत असण्याचें कारण नव्हतें. हौस ही घराच्या आंत असेतों क्षम्य असते.

एके दिवशीं तो स्वतः फडावर उभा राहिला, आणि तेथें प्रश्न नांवाचा आला. कुलकर्णी या नांवानें गावें तर वतन, भाऊबंद व गांवांतील मान यांची अब्रू त्या नांवास बांधलेली. शिवाय तमाशाच्या फडांतील मंडळी बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांची. त्यांच्या पंक्तीस बसून आपला हुद्दा मिरविणें हें त्यांच्या दृष्टीनेंहि विचित्रच झालें असतें. ‘पठ्ठे बापूराव’ या नांवाची घडण पाहावी. पठ्ठा हा तालमींतला शब्द. वस्तादाच्या हाताखालीं अंग मळविणारा, लंगोट कसून आखाड्यांत उतरणारा तो पठ्ठा. त्यांत वयाचा जोम आहे आणि शिष्यत्वहि आहे. बापू हा घराघरांतला, लाडाचा शब्द. राव हा मानाचा. आखाडा, घर व दरबार हीं तिन्ही एका नांवांत आलीं. आलें नाहीं तें एक वतन. ज्यानें कोणी हें नांव प्रथम उच्चारलें असेल त्यास शब्दांचें वजन कळत होतें.

आणि वेष? आपल्या एका प्रसिद्ध कवनांत बापूरावानें स्वतःच त्याचा निकाल सांगितला आहे. आपण ब्राह्मण असून सोंवळें घडी घालून ठेविलें व तमाशाची मशाल हातीं धरली, असा त्याचा भावार्थ आहे. सोंवळें फाडलें, फेंकलें वा जाळलें असें तो म्हणत नाहीं. त्यानें घडी घातली. घडी घातलेलें वस्त्र पुन्हा नेसतां येतें; पण तें त्यानें पुन्हा नेसलें नाहीं. एका वस्त्राच्या घडीनें घर, जात व गांव मागें टाकल्याचें इतक्या शांतपणें सांगणारा दुसरा कवि आमच्या वाचनांत नाहीं.

पुढील हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा येथील पवळा ही महार समाजांतील नर्तकी त्याच्या फडांत आली. त्यापूर्वीं तमाशांत स्त्रीचें काम बहुधा नाच्या पोऱ्या करी. बापूरावाचें कवन व पवळेचें रूप यांनीं मुंबईचीं नाटकगृहें भरून गेलीं. ‘मिठाराणी’चा त्याचा वग कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या पुढें झाला. गण, गौळण, बतावणी व वग अशी तमाशाची जी बांधणी आपण ओळखतों, ती त्याच्या हातीं खूप भरीव झाली. ज्यास गांवानें बहिष्कृत मानलें त्याचीं कवनें त्याच गांवच्या पोरांच्या तोंडीं बसलीं. परंतु पुढें पवळेची व त्याची ताटातूट झाली. १९३९ सालीं पवळा वारली. १९४५ च्या डिसेंबरांत पुण्यास बापूरावानेंहि देह ठेविला. अखेरचे दिवस दारिद्र्याचे गेले. वतन सोडणाराचे असे दिवस आले, यांत कांहींना दैवी न्याय दिसला असेल. आम्हांस दिसतें तें निराळें. रेठऱ्याच्या कुलकर्णी वतनाचा ताबा त्या वेळीं कोणाकडे होता हें आज कोणास आठवत नाहीं. बापूरावाचें नांव मात्र ढोलकीवर थाप पडली कीं अजूनहि निघतें. तरीहि या टिकण्याची किंमत त्यानें एकट्यानें मोजली, हें विसरतां कामा नये. लावणी ऐकावयास पुढें बसणारे आपण, शाहिराच्या म्हातारपणीं कोठें असतों, हा प्रश्न आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनीं स्वतःस विचारावयाचा आहे.

योगायोग असा कीं त्याच वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० सालीं तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. हा मांग समाजांतला. तुकाराम हें नांव मागें पडून अण्णा भाऊ हें नांव पुढें आलें, आणि त्यांत पुन्हा सगनभाऊच्या नांवांतला तोच शेजाराचा शब्द आहे. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल हा गिरणींत राबलेला मुलगा ‘अमर शेख’ झाला. एका नांवांत दोन्ही धर्मांचे शब्द शेजारीं बसले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत तें नांव घरोघर पोहोंचलें. या दोघांनीं व गव्हाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें. पूर्वींच्या फडाची ओळख जशी तुऱ्यानें वा कलगीनें होई, तशी या पथकाची बावट्यानें होऊं लागली. खूण बदलली, पक्ष पत्करण्याची रीत मात्र तीच. अण्णा भाऊंनीं गणांत गणपतीच्या जागीं मातृभूमि व शिवछत्रपति यांना वंदन केलें, आणि तमाशा या बदनाम झालेल्या शब्दाऐवजीं लोकनाट्य हा शब्द रूढ होण्यास त्यांच्या वगांनीं हातभार लावला. येथें माणसाबरोबर कलेनेंहि नवें नांव घेतलें. अण्णा भाऊ व अमर शेख हे दोघेहि १९६९ सालींच गेले.

इतकें झाल्यावर एक प्रश्न उरतो. जुन्या शाहिरांचा जो थाट आज आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो, तो आला कोठून? आमच्या पिढीच्या व त्यामागच्या पिढीच्या मनांतील रामजोशी हा बहुतांशीं १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या बोलपटांतील जयराम शिलेदार होय, आणि होनाजी हा १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तील पंडितराव नगरकर होय. ते चेहरे, तीं मुंडाशीं व ते अंगरखे शंभर-सव्वाशें वर्षांनंतर दुसऱ्यांनीं योजिलेले आहेत. शाहिराचा स्वतःचा वेष त्याच्याबरोबर गेला. नांव राहिलें, कारण तें त्यानें गाण्याच्या आंत ठेविलें होतें व गाणें लोकांनीं सांभाळलें. यावरून वेष निरुपयोगी असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. वेषानें त्यास त्या रात्रीं फडावर उभें केलें, समोरच्या माणसास तो कोण व कोणत्या पक्षाचा हें सांगितलें, आणि घरच्या माणसांनाहि सांगितलें कीं आतां परत बोलावूं नका. त्याचें काम त्या रात्रीपुरतें होतें, पण तें मोठें होतें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व एका बैठकींत सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर तो पुन्हा आलाच नसता. आम्हीं त्याची वही पुरती वाचली. बारा-चौदा गीतांपैकीं दोन खरोखर चांगलीं होतीं, आणि तीं दोन्ही त्यानें सर्वांत मागें ठेविलीं होतीं. हें त्यास सांगितलें, व सुचविलें कीं गणेशोत्सवांत तीं दोन गाणीं म्हण. आधीं नांव पुकारूं नको. म्हणून झाल्यावर लोक तुला काय म्हणतात तें ऐक. डफ हातीं घ्यावयाचाच असेल तर कोणा जाणत्याकडे जाऊन दोन महिने थाप शीक. तुरा खोंवावयाचा असेल तर तूं कोणाच्या बाजूचा आहेस तें आधीं ठरीव.

परवां तो पुन्हा येऊन गेला. डफावर थाप मारून मारून त्याच्या उजव्या हाताचीं बोटें सुजलीं होतीं, आणि वहींत एक नवें गीत होतें. त्याच्या शेवटच्या कडव्यांत एका ठिकाणीं त्यानें चार मात्रांची जागा मोकळी सोडली होती.